रिकाम्या हंड्यांच्या खोलीतली गिटार

घरात पाणी किती उरलंय हे आमच्याकडं डोळ्यांनी बघावं लागत नसे, ते कानाला कळायचं. मधल्या खोलीतून जाताना पाय जरा जोरात पडला आणि भिंतीला लागून मांडलेली भांडी थरथरून बोलली, की समजायचं तळ गाठलाय. भांडी गप्प राहिली तर घर भरलेलं. तांब्याचा हंडा, पितळी घागरी, पत्र्याचं पिंप, लग्नकार्यात कुणी कुणी दिलेली तपेली, सगळं एका रांगेत. आमची वसाहत नवी होती. घरांना रंग लागला होता, नळ बसले होते, त्या नळांना पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. शहर तेव्हा चिकलठाण्याकडं धावत सुटलेलं, रोज नवे पाये खणले जायचे. कुठं भिंतीवर पाणी मारताना दिसलं की आई खिडकी लावून घ्यायची. "मला बघवत नाय," म्हणायची. पिकं जळाली त्याचं तिला जेवढं वाटे, त्याहून जास्त त्या ओल्या भिंतींचं वाटे. भांडी घासायला पाणी नको म्हणून आम्ही पळसाच्या पत्रावळीवर जेवायचो. येसराची आमटी द्रोणात वाढलेली. ती गळायच्या आत प्यायची, म्हणून जेवणात पहिली पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. आता आमच्या घरी डायनिंग टेबल आहे, काचेच्या वाट्या आहेत, आणि आमटी निवांत निवत बसते. पण तशी चव काही लागत नाही बाई.

त्या घरात गिटार आली ती चुकून. माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीत कारकून. कचेरीतल्या चार जणांनी मिळून भजनी मंडळ काढलं आणि बाजाची पेटी आणायचं काम अण्णांकडं आलं. ते शहागंजला जुन्या सामानाच्या दुकानात गेले. पेटी होती, पण तिचा भाता फाटलेला. दुकानातला चाचा म्हणाला म्हणे, "साहब, पेटी को हवा होना. इस बाजे को कुछ नक्को, बस उंगल्यां होना." अण्णांना ते पटलं. माझ्या वडलांना कुणीही काहीही पटवू शकायचं, फक्त आईचं तेवढं पटायचं नाही. आईनं गिटार उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "याच्यात पाणी किती मावंल?" भजनी मंडळानं ती घेतली नाहीच. अशी ती माझ्या वाट्याला आली. मी तेव्हा कॉलेजात नुकती जायला लागले होते. शिकवणारं कुणी नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की त्यातला एकेक सूर तारेवर हुडकायचा, सापडला की बोट तिथंच दाबून धरायचं आणि पुढचा हुडकायचा. वर्षभरात बोटांना घट्टे पडले. घरात सगळे मला बेबी म्हणत. वसाहतीत मी "गिटारवाली बेबी" झाले, आणि मला ते फार आवडायचं. माझ्यापाशी दुसरं काही नव्हतंच, ना रूप, ना मार्क.

आणि मग शोभा आली. शोभा माझी मामेबहीण, वैजापूरकडची, माझ्याच वयाची. मामाची विहीर आटली तसा तो तिला आमच्याकडं घेऊन आला. "ताई, हिचं कॉलेजचं वर्ष वाया नको जायला. तिकडं पोरीचा अर्धा दिवस पाण्यामागं जातोय." म्हणजे आता अर्धा दिवस इकडच्या पाण्यामागं जाणार, पण ते कुणी बोललं नाही. शोभा उंच, खांद्यानं रुंद, दोन घागरी एका वेळी आणणारी. टँकर आला की वसाहतीतल्या बाया तिला वाट द्यायच्या. आईला तर ती देवानं धाडल्यासारखी वाटायची. केस धुवायच्या दिवशी तिला एक तांब्या जास्त. भाकरीचा पहिला पापुद्रा तिला.

"आई, मला का नाय?"

"पाहुणी हाय ती."

"पाहुणी चार दिवसांची असती."

"मग जा, तू दुष्काळाला सांग चार दिवसांत आटप म्हणून."

एवढं मी सोसलं असतं. पण एके दुपारी शोभा म्हणाली, "बेबे, मला बी शिकव की गं." मी शिकवलं, मोठेपणानं शिकवलं. मला वाटलं होतं, घागरी उचलणारे ते हात, त्यांना तारा काय सापडायच्या! महिनाभरात ती माझ्याइतकं वाजवायला लागली. त्या बदल्यात तिनं मला एक चाल दिली, तिकडं कापूस वेचताना बाया म्हणतात ती. चाल साधीच, पण मध्ये एका जागी ती थांबते. दम घ्यायला थांबावं तशी नाही, वाकलेलं माणूस कंबर सरळ करून लांब बघतं तशी. आम्ही दोघी तीच चाल वाजवायचो. मी वाजवली की आई म्हणायची, "छान." शोभानं वाजवली की आई काहीच बोलायची नाही, हातातलं काम तेवढं थांबायचं. ते न बोलणं मला असं झोंबायचं की रात्री मी तिच्याकडं पाठ करून झोपायची. आणि ती बिचारी माझ्या अंगावरचं पांघरूण नीट करायची, त्यानं तर आणखीच आग व्हायची.

माझा थोरला भाऊ, दादा, कारखान्यात लागला होता. बोनसमधून त्यानं टू-इन-वन आणला, रेडिओ आणि टेप एकत्र, आणि त्याला लाल ठिपक्याचं रेकॉर्डिंगचं बटण. त्याच सुमारास रेडिओवर तरुण मुलांच्या कार्यक्रमात सांगितलं गेलं, की घरी वाद्य वाजवत असाल तर कॅसेट पाठवा, चांगली असेल ती लावू. एका घरातून एकच कॅसेट, वाजवणारा एकच. मी त्याच क्षणी ठरवलं, की ती मी. माझी गिटार, माझं शिकणं, माझं नाव रेडिओवर. दादा म्हणाला, "दोघींचं घेऊ, चांगलं येईल ते पाठवू." हे असं न्यायानं वागणारे भाऊ लई त्रासदायक.

प्लग मधल्या खोलीत एकच, म्हणून रेकॉर्डिंग तिथंच. मी दोनदा, तीनदा वाजवलं. लावून ऐकलं तर माझ्या मागं कुणीतरी नाकातनं गुणगुणतंय असं, घुंऽऽ करत. एका सुरावर दुसरा चिकटलेला. शोभाचं वेगळ्या दिवशी घेतलेलं, ते मात्र स्वच्छ, सुकलेल्या कपड्यासारखं. दादा म्हणाला, "बेबी, तुझ्या हातातच खरखर हाय." मी न्हाणीघरात जाऊन रडले, आणि तोंड धुवायला पाणी मोजकं म्हणून पदरानंच पुसलं.

आजही शोभा वैजापूरहून वाजवून मला पाठवते. साठीला आलो आम्ही दोघी. ती फोन समोर उभा करते आणि वाजवते, मी इथं नातवाच्या लॅपटॉपवर ते नीट करून इंटरनेटवर चढवते. लोक विचारतात, आजी, तुमचं वर चढवल्यावरही इतकं चांगलं कसं ऐकू येतं, आमचं तर पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं होतं. मी सांगते, फार काही नाही. चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते पाठवतानाच चेपलं जातं, आहे तशी अख्खी फाइल पाठवा. आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवू नका. तिकडचं यंत्र तुमचं वाजवणं आपल्या मापानं पुन्हा दाबून बसवतं, त्याला हात-पाय हलवायला जागा ठेवा. आधी फक्त आपल्याला दिसेल असं चढवा, घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर ऐका, मग जगाला दाखवा. हे मी कुठल्या क्लासात शिकले नाही. मत्सरानं शिकले, आणि ते कसं ते आता सांगते.

टँकर यायच्या आदल्या दुपारी मी एकटीच मधल्या खोलीत बसले होते. शोभा आणि आई नंबर लावायला गेलेल्या. मी रागानं जाड तार छेडली आणि तळहातानं लगेच दाबली. तार गप्प झाली, आवाज मात्र चालूच. माझ्या पाठीमागून येत होता. मी वळले, हंड्याला हात लावला. आवाज बंद. पुन्हा छेडली, पुन्हा हंडा बोलला. दुसऱ्या तारेला पितळी घागर. तिसरीला पिंप, ते तर सगळ्यात निर्लज्ज. मी एकेका भांड्याला कान लावत रांगेनं फिरले. सगळी रिकामी. आणि मग डोक्यात लख्ख पडलं. माझा नंबर नेहमी कोरड्या दिवशी, कारण त्या दिवशी मला कुणी कामाला बोलवत नसे. टँकर आला, भांडी भरली, शोभा दमून बसली की आई लाडानं म्हणायची, "वाजव गं आता जरा," आणि दादा बटण दाबायचा. भरलेला हंडा कुणाच्या सुरात सूर मिसळत नाही. म्हणजे शोभाचा हात-बित काही नाही, टँकर वाजवतोय! मी त्या खोलीत एकटी हसले. इतकी खूश मी पुढं लग्नातसुद्धा झाले नसेन.

मी कुणाला काही सांगितलं नाही, तयारीला लागले तेवढी. दादाला म्हटलं, "या खेपेला माझं बी टँकरच्या दिवशी घ्यायचं."

"का? मुहूर्त काढलास का?"

"व्हय, काढला."

दारांना गोधड्या लावल्या. खिडकीच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबलं. त्या टेपला एक खोड होती. वाजवणारी थांबली की ते आपण होऊन कान मोठे करायचं आणि खोलीतली बारीकसारीक कुजबुज उचलून मोठी करून ठेवायचं. म्हणून मी घड्याळ बाहेर नेलं, अण्णांना बाहेर नेलं (ते खोकायचे), आणि टेप स्टुलावर, स्टुलाखाली दुमडलेलं घोंगडं. सगळी भांडी काठोकाठ. आधी मी वाजवलं, मग शोभानं, तीच चाल. दादानं दोन्ही एकापाठोपाठ लावली.

माझी घुंघुं गेली होती. कुठंही खरखर नाही. आणि ती गेली म्हणून पहिल्यांदाच मला माझं वाजवणं नीट ऐकू आलं. मी घाई करत होते. त्या थांबायच्या जागी मी थांबत नव्हते, थांबल्यासारखं करत होते, पुढच्या सुराकडं डोळा ठेवून. मग शोभाचं लागलं. ती थांबली. खोलीत कुणीच हललं नाही. पाणी भरलेल्या भांड्यांची ती रांग माझ्याकडं बघत होती, आणि आता बोट दाखवायला माझ्यापाशी एकही भांडं उरलं नव्हतं.

"शोभाचं पाठवू," दादा म्हणाला. आणि मग त्याचा नियम आला, की मूळ कॅसेट घराबाहेर जाणार नाही, टपालात हरवली तर? शहागंजात यादी दिली की गाण्यांची कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं, तिथं तो कॉपी करायला गेला. दोघींचंही करून आणलं. संध्याकाळी लावलं तर शोभाचं मेलं होतं. गोधडीखाली वाजवल्यासारखं. तिच्या बारीक तारा, त्या नखानं नुसत्या जाग्या केल्यासारख्या वाजायच्या, त्या कुठंच नव्हत्या. आणि माझं? माझं ठणठणीत. मी दाबून, ठोकून वाजवणारी, माझं काय जाणार होतं! दादानं दोन्ही पुन्हा लावून बघितली आणि डोकं खाजवलं. "बेबीचंच पाठवावं लागंल. निदान ऐकू तरी येतंय." आई म्हणाली, "बेबीचं तर बेबीचं. तिची बी हौस होईल." शोभा भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "व्हय, तिचंच पाठवा. माझं काय, आज हितं, उद्या वैजापूर."

म्हणजे मी जिंकले. ठरवलं होतं तसंच सगळं झालं. त्या दिवशी आईनं धपाटे केले होते, वर लोणी, दुष्काळात लोणी म्हणजे बघा. मी खाल्लेसुद्धा. दुसऱ्या दुपारी ती कॉपी मी एकटीनं पुन्हा लावली, माझं ऐकायला म्हणूनच लावली खरं तर, पण आधी तिचं लागलं. ती जागा आली, आणि तिथं नुसता भुसा. मला वाटलं होतं बरं वाटेल. उलट असा संताप आला! महिनोन्महिने मी ज्या सुरावर जळत होते, ज्याच्यामुळं मला झोप नव्हती, तो असा चोथा होऊन घरातच पडून राहणार, आणि माझा ठणठणाट लागणार, आणि मला आयुष्यभर ठाऊक असणार की खरा कुठला होता. माझ्या मनासारखं होऊनही माझं जळणं काही थांबणार नव्हतं. मग निदान ज्याच्यावर जळायचं ते धड तरी असू दे, असं काहीसं माझ्या डोक्यात आलं. याला चांगुलपणा म्हणू नका. शोभानं पुढं एकदा तसं म्हटलं, तर मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

"शोभाचं परत घ्यायचं," मी दादाला सांगितलं.

"येडी झालीस का? तुझं जातंय ना?"

"घ्यायचं म्हटलं ना."

पुढच्या टँकरला पुन्हा गोधड्या, पुन्हा घोंगडं, पुन्हा अण्णा अंगणात. या वेळी मी शोभाला गिटारीच्या भोकावर वाजवू दिलं नाही. तारा खाली जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ तिचं बोट नेलं. तिथं सूर टोकदार येतो.

"हितं लई कडक वाजतंय गं. कानाला टोचतंय."

"टोचू दे. दुकानात गेलं की मऊ पडतंय."

"आन् नाय पडलं तर?"

"शोभे, तू वाजव. बाकीचं माझ्यावर सोड."

टेप थोडं लांब ठेवलं, म्हणजे जाड तारा त्यावर चढून बसणार नाहीत. घरात ऐकलं तर दादानं तोंड वाकडं केलं, आई म्हणाली, "हे काय, डब्यावर चमचा मारल्यासारखं." मी ऐकलं नाही. या वेळी शहागंजला मी स्वतः गेले. दुकानदारानं कॉपी करून दिली. मी म्हटलं, आता या कॉपीची कॉपी करा. कारण मला कळलं होतं, की रेडिओवाले काही आपली कॅसेट तशीच लावणार नाहीत, तेही आपल्या मोठ्या फितीवर उतरवून घेणार. म्हणजे दोन वेळा झिजून जे उरेल ते खरं.

"कॉपी की कॉपी?" तो म्हणाला. "पोते-पडपोते भी निकालते क्या बाई?"

"निकालो चाचा. परपोते तक जाना है."

त्याच्याच दुकानात, त्याच्याच मशीनवर ऐकलं. बाहेर हातगाड्या, सायकलच्या घंट्या, कुणीतरी भाव करत होतं. कॉपीची ती कॉपी वाजायला लागली आणि टोक सगळं गळून गेलेलं, आमच्या मधल्या खोलीत शोभा वाजवते अगदी तसा सूर समोर. बारीक तारा जिवंत. मी काउंटरला धरून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "आप बजाते?" मी म्हटलं, "नाय." पाकिटावर नाव मीच लिहिलं, शोभाचं, आणि गावाच्या जागी वैजापूर.

मग नुसतं थांबणं. दर आठवड्याला त्या वेळी रेडिओ लागायचा, दुसऱ्याच कुणाचं काही लागायचं, आणि खरं सांगते, प्रत्येक वेळी मला हायसं वाटायचं. एका रविवारी मात्र सगळे घरात असताना रेडिओवरच्या बाईंनी शोभाचं नाव घेतलं. वैजापूर म्हणाल्या. आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. अण्णा उभे राहिले, साहेब आल्यासारखे. शोभानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. माझं नाव कशाला घेतील कुणी, घेतलं नाहीच, आणि माझं तोंड असं कडू झालं की दादा म्हणाला, "बेबी, बरं नाय का तुला?"

मी ऐकत होते. रेडिओची त्याची स्वतःची खरखर होती, ती माझ्या हातात नव्हती. पण तिच्यातून ती चाल येत होती, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. आणि मग ती जागा आली. शोभा थांबली. सगळ्या जिल्ह्यात, जिथं जिथं रेडिओ लागला होता तिथं तिथं ती थांबली. मागं हंडा नाही, घागर नाही, घड्याळ नाही, खोकला नाही. त्या तेवढ्या जागेत काहीच ऐकू आलं नाही, आणि ते मी केलं होतं.

"संपलं वाटतं. छान झालं गं पोरी," आई म्हणाली आणि कणकेचा हात तसाच पुढं करून बटणाकडं वळली. मी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"आई, हात लावू नको. संपलं नाय. ती थांबलीय."

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, रेडिओकडंच बघत राहिले, आईचं मनगट तसंच घट्ट धरून. मग पुढची तार वाजली, आणि मी पहिल्यासारखी जळायला लागले.